मेळघाटच्या ओढ्यांतील मुरी

सातपुड्यातून उतरणाऱ्या सिपना, खापरा, गडगा आदी नद्यांची पात्रे काळ्या बेसॉल्ट खडकाची आहेत. अशा उथळ, वाहत्या पाण्याच्या तळाशी बोटाएवढी मुरी राहते. बाजारात तिला फारसे मोल नाही, म्हणून तिच्याकडे लक्षही कमीच जाते.

मुरीच्या पिवळसर अंगावर गडद पट्टे वा ठिपके असतात. गोट्यांमध्ये निश्चल पडली की ती सहसा दृष्टीस पडत नाही. तोंडाभोवती मिशांच्या तीन जोड्या असून त्यांच्या साहाय्याने ती कीटकांच्या अळ्या शोधते. इतर माशांना तरंगत ठेवणारा वाताशय हिच्यात लहान व अस्थिकोशात बंदिस्त असतो. त्यामुळे तळ हेच तिचे घर. फ्रान्सिस डे यांनी १८७२ साली पुण्याच्या नमुन्यांवरून ‘इव्हेझार्डी’ या जातीचे वर्णन केले. बस्तरमधील कुटुमसर गुहेत याच गटातील मुरी आढळते. तेथे अंधारात रंग फिका पडला आहे, डोळेही लहान झाले आहेत. पाहणाराच नसेल तर वेष हवा कशाला?

कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावरही असे लपणारे लहान मासे आहेत. मात्र त्यांची कुळे निराळी.

खंड्या पक्ष्यापासून वाचविणारी हीच सवय माणसापुढे घातक ठरते. चाहूल लागताच मुरी दूर पळत नाही, जवळच्या धोंड्याखाली शिरते. पाण्यात विष कालविले की ते त्या फटीतही पोहोचते. काठ उघडे पडून माती वाहून आली, तर गोट्यांमधील पोकळ्या बुजतात. मग पाणी असूनही मुरीला राहावयास जागा उरत नाही. उन्हाळ्यात प्रवाह तुटून मासे मोजक्या डोहांत एकवटतात. तेव्हा एका डोहातील विषप्रयोगाने दूरवरच्या ओढ्याचे बीज नाहीसे होऊ शकते.

विष वा स्फोटके वापरून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानेच मनाई केली होती. चिखलदरा व धारणी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. अशा क्षेत्रांतील लहान जलाशयांचे नियोजन व व्यवस्थापन योग्य स्तरावरील पंचायतींकडे सोपविण्याची तरतूद १९९६ च्या केंद्रीय कायद्यात आहे. उन्हाळ्यापूर्वी गावाजवळच्या डोहांची यादी करून त्यांत विष कालविले जाणार नाही, असे ग्रामसभेस ठरविता येईल.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना ओढ्यावर नेल्यास उचललेला धोंडा होता तसाच, तीच बाजू खाली करून, परत ठेवावयास सांगावे.