पाढे पक्के होतात झोपेत

रात्री सतराचा पाढा घडाघडा म्हणणारा मुलगा सकाळी शाळेत पाचव्या ओळीवर अडकतो. गुरुजी म्हणतात, ‘लक्ष नाही’. घरचे म्हणतात, ‘वांड आहे’. कधी कधी मारही बसतो. पण आदल्या रात्री तो किती तास झोपला, हे सहसा कुणी विचारत नाही.

दिवसभरात शिकलेले मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात आधी तात्पुरते साठते. गाढ झोपेत मेंदू त्याची उजळणी करतो आणि ते कायमच्या साठ्यात जाऊ लागते. ही गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते.

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता हा विकार असलेल्या मुलांची अडचण इथे दुहेरी होते. त्यांच्यापैकी अनेकांना लवकर झोप लागत नाही किंवा ती वारंवार मोडते. शिवाय जर्मनीतील कील येथील संशोधकांनी 2011 मध्ये अशा मुलांना चित्रे लक्षात ठेवायला दिली, तेव्हा झोपेमुळे इतर मुलांच्या स्मरणाला जेवढा फायदा झाला, तेवढा या मुलांना झाला नाही. अभ्यास लहान होता. पण प्रश्न फक्त ‘लक्ष देण्याचा’ नाही, हे त्यातून दिसले.

उलट बाजूही ध्यानात घ्यावी. झोप अपुरी राहिली की मोठी माणसे पेंगतात. लहान मुले मात्र अनेकदा जास्तच धावपळ, चिडचिड करतात. त्यामुळे साधी अपुरी झोपही एडीएचडीसारखी दिसू शकते. मूल रोज घोरते का, तोंडाने श्वास घेते का, हे पाहावे. वाढलेल्या टॉन्सिल किंवा अ‍ॅडिनॉइडमुळे झोप मोडत असेल. रात्री सतत पाय हलवत असेल, तर शरीरात लोह कमी आहे का, हे तपासावे. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दर 100 बालकांपैकी जवळपास 69 जणांत रक्तक्षय आढळला होता.

परभणीचा उन्हाळा यात भर घालतो. पारा 42 अंशांपुढे गेला की पत्र्याचे घर मध्यरात्रीपर्यंत निवत नाही. झोप लागण्यासाठी शरीराचे तापमान थोडे उतरावे लागते. त्यात उन्हाळ्यात शाळा सकाळची. उशिरा झोपलेले मूल लवकर उठवले जाते आणि झोप कापली जाते. मुलांची झोप पुरी व्हावी म्हणूनच फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला होता.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज 9 ते 12 तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास झोप हवी.

घरी काय करता येईल? झोपण्याची आणि उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, सुटीच्या दिवशीही. झोपण्याआधी तासभर मोबाइल आणि टीव्ही बंद. संध्याकाळनंतर चहा नको. उन्हाळ्यात अंगावर पाणी घेऊन, मच्छरदाणी लावून गच्चीवर किंवा अंगणात निजवा. पाठांतर झोपण्याच्या थोडे आधी घ्या, पण त्यासाठी जागवू नका. एडीएचडीचे औषध सुरू असेल आणि झोप उडाली असेल, तर ते परस्पर बंद करू नका. वेळ बदलता येते का, हे डॉक्टरांना विचारा.

हे उपाय किरकोळ वाटतील. पण ऑस्ट्रेलियात एडीएचडी असलेल्या 244 मुलांच्या अभ्यासात, झोपेच्या सवयींबाबत पालकांना थोडक्यात मार्गदर्शन केल्यावर मुलांची झोप, वागणूक आणि तात्पुरते स्मरण सुधारले. हा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. विकार पूर्ण गेला नाही. शिकणे सोपे झाले.

तरीही त्रास सहा महिन्यांहून अधिक काळ, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसत असेल, तर तपासणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक सरकारी शाळांत येते, तेव्हा त्यांना सांगा. जिंतूर, पाथरी, गंगाखेडच्या पालकांना जवळच्या सरकारी रुग्णालयातून परभणीच्या जिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी घेता येईल. टेलिमानसच्या 14416 या मोफत क्रमांकावरही सल्ला मिळतो. जाताना दोन आठवड्यांची झोपेची नोंद सोबत न्या: कधी निजला, कधी उठला, रात्री किती वेळा जागा झाला. डॉक्टरांना तिचा मोठा उपयोग होतो.