मधुचंद्राचा बेत

'मधुचंद्र' हा शब्द आपण इंग्रजीवरून घडविला. त्यापूर्वी नवदांपत्य घराबाहेर पडे ते कुलदैवताच्या दर्शनाला. जेजुरीस नवरीला उचलून पाच पायऱ्या चढण्याची रीत आजही पाळली जाते. त्या प्रवासात कोठे जावयाचे हा प्रश्नच नव्हता, कारण तो ठरविण्याचा अधिकार दोघांपैकी कोणालाच नव्हता. आता तो आला आहे. पण पुष्कळदा एकाच्याच हाती राहतो. वर तिकिटे काढतो आणि वधू 'तुम्ही म्हणाल तसे' म्हणते. हे उत्तर संमतीसारखे ऐकू येते, परंतु तो बहुधा नव्या माणसापुढचा संकोच असतो. तिकिटे आणून चकित करण्याची हौस मला म्हणूनच फारशी रुचत नाही.

समजा, एकाला देवळे व शिल्पे पाहावयाची आहेत आणि दुसऱ्याला पाणी, हिरवळ आणि निवांतपणा हवा आहे. अशा वेळी दोघांनाही अर्धेमुर्धेच आवडणारे तिसरे ठिकाण निवडण्याकडे आपला कल असतो. त्यापेक्षा दोन्ही इच्छा पुऱ्या होतील अशी जागा शोधावी. तमिळनाडूतील कुंभकोणम् नगराचा परिसर तसा आहे. तेथून कारैकालकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिरुनीलक्कुडी हे लहानसे गाव लागते. येथील शिव नीलकंठ आहे. हलाहलाचा दाह शमावा म्हणून लिंगावर तिळाच्या तेलाचा अभिषेक होतो, आणि कितीही तेल ओतले तरी ते लिंगात जिरते, असे भाविक सांगतात. संतकवी अप्पर यांनी या क्षेत्रावर पदे रचली. देवीची मंदिरेही येथे दोन आहेत. आणि भोवती पाहावे तर भाताची खाचरे, नारळी, केळी!

मात्र पंचांग पाहून निघावे. तेही लग्नाचे नव्हे, कावेरीचे. वैशाखात लग्न आणि लगेच प्रवास असा बेत केला, तर पाण्यात पाय सोडून बसण्याची ज्याची इच्छा, त्याच्या वाट्याला बहुधा तापलेली वाळू येईल. मेट्टूर धरणाचे पाणी 12 जूनला सोडण्याचा आणि जानेवारीच्या अखेरीस बंद करण्याचा प्रघात आहे. पाऊस अपुरा झाला तर ही तारीखही लांबते. तुळशीच्या लग्नानंतर लगेच जावे, तर ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिकडचा पावसाळा. तेव्हा जानेवारीचा उत्तरार्ध उत्तम. पोंगलची गर्दी ओसरलेली असते, भात पिकत आलेला असतो. लग्न मे महिन्यात झाले असेल, तर सात-आठ महिने थांबण्यात काहीच कमीपणा नाही. नातेवाइकांना आश्चर्य वाटेल, तेवढे वाटू द्यावे.

मुक्काम कुंभकोणम् येथे करावा. तिकडची देवळे दुपारी सुमारे बारा ते चार बंद असतात, आणि हीच नियमाची गोष्ट येथे उपयोगी पडते. सकाळ एकाची, सायंकाळ दुसऱ्याची, दुपार कोणाचीच नाही, अशी वाटणी आपोआप होते. दारासुरम् येथील बाराव्या शतकातील ऐरावतेश्वर मंदिर पाहण्यास एक सबंध सकाळ हवी. तेथे नुसते बसून राहिले तरी चालते. स्वामीमलै येथे मेणाच्या साच्यावरून पंचधातूच्या मूर्ती ओतणारे कारागीर आहेत.

तिरुविडैमरुदूरला मात्र दोघांनी मिळून जावे. महालिंगस्वामींच्या मंदिरात हाती दिवा घेतलेल्या स्त्रीची धातुमूर्ती आहे. तंजावरच्या मराठी राजकुळातील एका स्त्रीने आपला नातलग प्रतापसिंह याच्याशी विवाह व्हावा म्हणून लक्ष दिव्यांचा नवस केला होता. तो फळास आल्यावर 1853 मध्ये तिने स्वतःचीच ही मूर्ती दीपधारिणीच्या रूपाने उभी केली. आपल्याला काय हवे हे सांगण्यास ती लाजली नाही!

बेत आखताना दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर दोनच गोष्टी लिहाव्यात: काय सोडवणार नाही आणि काय सोसवणार नाही. खर्चाचा आकडाही त्याच बैठकीत उघड बोलावा. कोणाला पहाटे उठवत नाही, कोणाला उपाशीपोटी दर्शन जमत नाही. या क्षुल्लक गोष्टी परगावी फार मोठ्या होतात. कागद एकमेकांना दाखवावेत, आणि मगच तिकिटे काढावीत. एक दिवस मात्र कोराच ठेवावा. त्या दिवशी तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय पाहावयाचे, की कुंभकोणम् येथील डिग्री कॉफी पीत रस्त्याकडे पाहत बसावयाचे, हे तेथेच ठरवावे.