मधुमेही कुत्र्याचे खाणे : पाकिटाची मागची बाजू वाचा

कापडाच्या धंद्यात आम्हाला तीस वर्षे झाली. या धंद्यातला पहिला धडा कांजीचा असतो. कांजी भरलेले कापड हाताला जाड लागते, वजनाला भारी भरते आणि पहिल्या धुण्यात कांजी निघून गेली की जाळी तेवढी शिल्लक राहते. म्हणून जाणता गिऱ्हाईक रंगाला भुलत नाही. तो कापड अंगठ्याने चोळून पाहतो, तागा उलटून किनार वाचतो. ही परीक्षा आम्ही दुकानात रोज करतो आणि इतरांना शिकवतोही. परंतु आमच्या गोदामाच्या राखणीवर असलेल्या मोतीसाठी खाण्याचे पाकीट घेताना आम्हीच ती विसरलो. त्याचे नुकसान त्या मुक्या जनावराला सोसावे लागले.

आज मालवण, कुडाळ, सावंतवाडीच्या बाजारात कुत्र्यांच्या तयार खाण्याची पाकिटे सहज मिळतात. आपल्यातले पुष्कळ बंधू दुकान, गोदाम, पोल्ट्री, नारळी-पोफळीची बाग यांच्या राखणीसाठी कुत्रा पाळतात आणि काही बंधू हा माल विकतातही. दोघांच्याही उपयोगी पडावे म्हणून आमचा तजुर्बा येथे मांडत आहोत.

दुखणे कसे कळले

मोती नऊ वर्षांचा होता. एका उन्हाळ्यात त्याची पाण्याची कुंडी रात्रीतून दोनदा रिकामी होऊ लागली. गोदामाच्या दारात लघवी दिसू लागली. खाणे दुप्पट झाले, तरी बरगड्या वर आल्या. जंत झाले असतील असे समजून आम्ही महिना घालवला. डोळ्यांत पांढरट झाक दिसली तेव्हा कुठे पशुवैद्याकडे नेले. रक्तातली साखर ४३० निघाली. निरोगी कुत्र्याची ती साधारण ८० ते १२० असते.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "शेठ, हे जंत नव्हेत. हा मधुमेह आहे. आता जन्मभर इन्शुलिन."

आम्ही विचारले, "गोळ्यांवर भागणार नाही का? आमच्या घरात दोघांचे भागते."

त्यांनी समजावून सांगितले. माणसांत पुष्कळांच्या शरीरात इन्शुलिन थोडेफार तयार होत असते, म्हणून गोळ्या लागू पडतात. मधुमेही कुत्र्याच्या स्वादुपिंडात ते बहुधा तयारच होत नाही. त्यामुळे दर बारा तासांनी टोचावे लागते. कारणे अनेक असतात. स्वादुपिंडाला वारंवार सूज येणे हे त्यांतले एक आणि चरबीयुक्त खाण्याने ती सूज येऊ शकते. न कापलेल्या मादीला तिच्या पाळीनंतर हा धोका अधिक असतो. मग त्यांनी हळूच विचारले, "बकरी ईदला याला चरबी भरपूर मिळत असेल, नाही?" आम्ही मान खाली घातली.

येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ज्या इन्शुलिनवर आज घरोघरची माणसे जगतात, त्याचा शोध कुत्र्यांवरच लागला. १८८९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो हे दाखवले. १९२१ मध्ये टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी असे कुत्रे स्वादुपिंडाच्या अर्कावर जगवून दाखवले आणि जानेवारी १९२२ मध्ये तो अर्क प्रथम एका आजारी मुलाला दिला गेला. १९२३ मध्ये त्याचे पेटंट केवळ एकेक डॉलर घेऊन विद्यापीठाला दिले गेले. त्या मुक्या जनावरांचे देणे आपल्यावर आहे, हे विसरू नये.

आमची चूक

डॉक्टरांनी तीन गोष्टी बजावल्या होत्या : खाणे तेच, वजन तेच, वेळ तीच. मधल्या वेळी काही नको. आमच्याकडे मोती पेजेवर आणि मासळीवर वाढलेला. दुकानात येणारा प्रत्येक जण चहाबरोबर त्याला ग्लुकोज बिस्किट टाकायचा. जत्रेहून आलेला मालवणी खाजाही त्याच्या वाट्याला यायचा. हे सगळे आम्ही बंद केले. पण त्याचे तोंडाकडे पाहणे सहन होईना. म्हणून बाजारातून कुत्र्यांच्या मऊ कांड्यांचे पाकीट आणले. वर कोंबडीचे चित्र, 'अस्सल चिकन' आणि 'आरोग्यदायी' हे शब्द. दुकानदार म्हणाला, "शेठ, सगळे ह्याच नेतत, बिनधास्त घाला." आम्ही घातल्या.

तीन आठवड्यांत इन्शुलिनचा डोस दोनदा वाढवावा लागला, तरी साखर उतरेना. शेवटी डॉक्टर म्हणाले, "हा जे जे खातो ते सगळे टेबलावर आणून ठेवा." कांड्यांचे पाकीट त्यांनी उलटे केले. मागे बारीक अक्षरांत घटक होते : आधी गव्हाचे पीठ, मग साखरेचा पाक, मग कोंबडी. डॉक्टर एवढेच म्हणाले, "शेठ, डोस मी वाढवत होतो आणि साखर तुम्ही."

तोवर मोतीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पक्का झाला होता. काळजी घेऊनही बहुतेक मधुमेही कुत्र्यांना तो होतोच, असे सांगून डॉक्टरांनी आमचे समाधान केले. परंतु मनाला ते पटत नाही.

पाकीट कसे वाचावे

पाकिटाची पुढची बाजू जाहिरात असते. माल मागच्या बाजूला लिहिलेला असतो. घटक बहुधा वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात. पहिल्या तीन-चार नावांत साखर, गूळ, कॉर्न सिरप, डेक्स्ट्रोज, माल्ट, मध यांपैकी काही असेल तर ते पाकीट मधुमेही कुत्र्यासाठी नाही. सुके दाणे, डबाबंद ओले खाणे आणि मऊसर कांड्या या तीन जातींत मऊसर जात सर्वांत जोखमीची. तिला मऊ ठेवण्यासाठी पुष्कळदा साखर किंवा पाकच वापरलेला असतो.

आता हिशेब पाहू. पाकिटावर प्रथिने, स्निग्धांश, तंतू आणि ओलावा यांचे टक्के असतात. पिठूळ भाग किती, हे बहुधा लिहिलेले नसते. तो आपण काढायचा. समजा, सुक्या खाण्यात प्रथिने २०, स्निग्धांश १०, तंतू ५ आणि ओलावा १० टक्के आहे. राखेचे अंदाजे ८ धरा. बेरीज ५३. शंभरातून वजा करता ४७ उरले, तो पिठूळ भाग. पाकिटावरचे आकडे कमीतकमी किंवा जास्तीतजास्त असे दिलेले असल्याने हा हिशेब ढोबळच आहे, पण दोन पाकिटे ताडून पाहण्यास पुरतो.

डबाबंद खाण्यात दुसरी गंमत असते. त्यावर प्रथिने ८ टक्के लिहिलेली पाहून ते हलके वाटते. पण त्यात ओलावा ७८ टक्के असेल तर कोरडा माल २२ टक्केच. त्या २२ मध्ये ८ म्हणजे कोरड्या वजनावर सुमारे ३६ टक्के प्रथिने झाली. ओले कापड आणि सुके कापड एका काट्यावर तोलू नये, तसेच हे.

'धान्यविरहित' हा शब्दही पारखून घ्यावा. धान्य नसेल, पण बटाटा आणि वाटाणा भरलेला असू शकतो. पिष्ट तेथेही आहेच.

तंतू अधिक असलेले खाणे साखर सावकाश चढू देते, म्हणून ते बरे मानतात. 'रॉयल कॅनिन'चे 'डायबेटिक' किंवा 'हिल्स'चे 'डब्ल्यू/डी' ही पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यायची खास खाणी त्यासाठीच आहेत. परंतु ती परवडली नाहीत म्हणून हताश होऊ नये. साधे, समतोल, चांगल्या प्रतीचे सुके खाणेही चालू शकते, मात्र ते रोज तेच आणि मोजून दिले पाहिजे. जनावर फार वाळलेले असेल तर वजन घटवण्यासाठीचे 'लाइट' खाणे देऊ नये. स्वादुपिंडाला सूज असेल तर स्निग्धांश कमी असलेलेच निवडावे. खाणे बदलायचे झाल्यास सात ते दहा दिवसांत थोडे थोडे बदलावे आणि पशुवैद्याला आधी कळवावे, कारण त्याबरोबर डोसही बदलू शकतो.

तोंडी लावण्याचे काय?

दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शाहून अधिक खाऊ नसावा आणि तो शक्यतो जेवणाच्या वेळीच द्यावा. मसाला-मीठ न घातलेला उकडलेल्या कोंबडीचा तुकडा, अंड्याचा उकडलेला पांढरा भाग, वाफवलेली फरसबी, काकडी ही सर्वांत सुरक्षित. आपल्या किनाऱ्यावर मासळी मुबलक आहे. काटे काढलेली उकडलेली मासळी थोडी चालेल, पण खारवलेली सुकी मासळी नको. ओले खोबरे आणि काजू यांत स्निग्धांश फार. हापूस आणि फणस यांत साखर फार. ईदचा शीरखुर्मा तर मुळीच नको. त्यात साखर असतेच, शिवाय बेदाणे आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषासारख्या ठरू शकतात.

सर्वांत मोठा धोका 'शुगर फ्री' या शब्दात आहे. माणसांच्या शुगर फ्री च्युइंगगम, गोळ्या, काही बिस्किटे यांत झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असू शकतो. माणसाला तो चालतो. कुत्र्याच्या शरीरात मात्र तो एकदम इन्शुलिन सोडायला लावतो, साखर झपाट्याने खाली जाते आणि यकृतही निकामी होऊ शकते. घरातल्या मधुमेही माणसाचे बिस्किट मधुमेही कुत्र्याला चालेल, असे समजणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

सुटा माल आणि पावसाळा

काही दुकानांत वीस किलोचे पोते फोडून दाणे सुटे विकतात. स्वस्त पडते हे खरे, पण पोत्यावरचे घटक, तारीख, बॅच नंबर गिऱ्हाइकाला दिसतच नाहीत. त्यात आपला मृगापासूनचा पाऊस. उघड्या पोत्याला चार दिवसांत ओल धरते आणि बुरशी येते. बुरशीतले अफ्लाटॉक्सिन हे जहर यकृतावर घाला घालते. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत अशा दूषित सुक्या खाण्याने कुत्री दगावल्याचे उघड झाले आणि माल परत घ्यावा लागला.

भेसळीचेही एक उदाहरण लक्षात ठेवावे. २००७ मध्ये अमेरिका आणि कॅनडात कुत्र्या-मांजरांच्या खाण्यात मेलामाइन सापडले. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये ते मिसळले होते. तपासणीत प्रथिने जास्त दिसावीत, हा हेतू. आमच्या भाषेत सांगायचे तर ही प्रथिनांची कांजीच. जनावरांची मूत्रपिंडे निकामी झाली. त्याच वर्षापासून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चीनमधून येणाऱ्या सुकवलेल्या मांसाच्या पट्ट्यांबद्दलही इशारे दिले. त्या खाल्लेल्या काही कुत्र्यांच्या लघवीत साखर दिसे, पण रक्तात ती वाढलेली नसे. दोष मूत्रपिंडात होता. म्हणून केवळ लघवी तपासून मधुमेह ठरवू नये.

एक नाजूक प्रश्न

परदेशी पाकिटांत डुकराचे मांस किंवा चरबी असू शकते. 'मीट बाय-प्रॉडक्ट्स' एवढेच लिहिले असेल तर जनावर कोणते हे कळत नाही. ज्यांना असा माल हाताळणे किंवा विकणे नको असेल त्यांनी कोंबडी, मासळी असे नाव स्पष्ट छापलेला माल घ्यावा. कुत्र्यांसाठी बनवलेले एक इन्शुलिनही डुकरापासून मिळवलेले असते. माणसांचे इन्शुलिनही पशुवैद्य वापरतात, तेव्हा त्यांना मोकळेपणाने विचारावे. मसअल्याबाबत आपल्या आलिमांना विचारावे. राखणीसाठी कुत्रा ठेवण्यास मुभा आहे. ठेवला की त्याच्या पोटाची जबाबदारीही आपली.

वेळेचे पथ्य

इन्शुलिन आणि खाणे यांची जोडी तुटता कामा नये. आधी खाऊ घालावे, खाल्ले याची खात्री करावी, मग टोचावे. खाल्ले नाही तर पूर्ण डोस टोचू नये, पशुवैद्याला विचारावे. जनावर लडखडू लागले, गळून पडले किंवा झटके आले तर साखर फार उतरली असे समजून हिरड्यांना मध किंवा साखरेचे पाणी चोळावे आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. रमजानमध्ये आपल्या घराचे घड्याळ सहरी-इफ्तारीवर चालते. पहिल्या वर्षी आम्ही मोतीचेही जेवण त्याबरोबर सरकवले आणि घोटाळा केला. आता आमचे घड्याळ बदलते, त्याचे बदलत नाही. सकाळी सात, संध्याकाळी सात.

विक्रेत्या बंधूंना

हा माल विकणाऱ्या बंधूंना आमचे सांगणे एवढेच : सुटा विकलात तर पोत्याच्या छापील बाजूचा तुकडा समोर लावून ठेवा. पोते झाकून, जमिनीपासून उंच फळीवर ठेवा. "सगळे नेतात" हे उत्तर नव्हे. "आजारी जनावरासाठी आहे का?" हा प्रश्न विचारा. गिऱ्हाईक आपल्यावर विसंबतो, ही अमानत आहे. आम्हीही किती गिऱ्हाइकांना किनार न दाखवता "सगळे हेच नेतात" म्हटले असेल, याचा हिशेब त्या दिवसापासून मनात सुरू आहे.

मोती आता अकरा वर्षांचा आहे. त्याला दिसत नाही. पण दुकानाच्या काट्यावर मोजलेले खाणे, बरोबर वेळ आणि बंद झालेला खाऊ यांमुळे त्याची साखर बरीच आटोक्यात आली आहे, बरगड्याही झाकल्या आहेत. रात्री गोदामाच्या दारात अनोळखी पाऊल वाजले की तो अजूनही आधी उठतो. चहाला येणाऱ्यांसाठी आम्ही त्याच्या डोक्यावरच्या भिंतीला पाटी लावली आहे : "याला काही घालू नये. विचारायचे असेल तर मालकाला विचारावे."