हिरव्या पट्टीचं गणित

आफ्टर इफेक्ट्स या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रीव्ह्यूसाठी स्पेसबार दाबला की टाइमलाइनच्या माथ्यावर एक बारीक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकू लागते. एकेक फ्रेम तयार होते, रॅममध्ये जाऊन बसते, पट्टी तेवढी पुढे जाते. हिरव्या भागात अ‍ॅनिमेशन खऱ्या वेगाने पळतं, त्यापलीकडे अडखळतं. वेगवान एसएसडीची जोड नसेल, तर मग एका जागी पट्टी थांबते. रॅम भरली. काम वीस सेकंदांचं, आणि बघायला मिळतात बाराच.

नवशिक्या इथे हटकून वैतागतो. हाच वीस सेकंदांचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवरून चुटकीसरशी जातो, मग अख्ख्या मशीनला तो जड का व्हावा? व्हॉट्सअ‍ॅपवरची फाइल आवळलेली असते. एका फ्रेमपासून दुसरीपर्यंत जे बदललं, बहुतांशी तेवढंच तिच्यात नोंदवलेलं. प्रीव्ह्यूची फ्रेम मात्र पूर्ण उलगडलेली लागते. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, एकूण २०,७३,६०० पिक्सेल. लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता मिळून प्रत्येकाला चार बाइट. एक फ्रेम सुमारे ८.३ एमबीची झाली. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर २०७ एमबी, दहा सेकंदांचे दोन जीबी. हा झाला साधा ८ बिटचा हिशेब. ४के घ्या आणि प्रत्येक रंग ३२ बिटवर न्या, की एकच फ्रेम १३० एमबीच्या वर जाते आणि एक सेकंद तीन जीबीहून जास्त खातो. शिवाय मधल्या लेयरची आणि इफेक्टची अर्धी कामंही त्याच रॅममध्ये साठवलेली असतात. ब्राउझरच्या चाळीस टॅब उघड्या असतील तर विचारूच नका.

एवढा आटापिटा कशासाठी? वेळेसाठी. चेंडू आपटून वर उसळताना किती फ्रेम थांबतो, हे संथ चित्रावरून कळत नाही. कागदावर काम करणारे अ‍ॅनिमेटर बोटांच्या बेचक्यांत चारपाच कागद अडकवून ते भराभर उलटत आणि हालचाल जोखत. त्याहून लांबचं बघायचं तर पेन्सिलचित्रं कॅमेऱ्याने टिपायची आणि फिल्म धुऊन येईपर्यंत थांबायचं.

म्हणून रॅम कमी पडली की वेग सोडून बाकी कशावरही पाणी सोडावं. रिझोल्यूशन अर्ध्यावर आणलं तर रुंदी आणि उंची दोन्ही निम्म्या होतात, म्हणजे फ्रेम चौथाईत बसते. त्याच रॅममध्ये चौपट लांब तुकडा दिसतो. चित्र थोडं धूसर दिसतं, पण हालचाल खरी दिसते. ‘बी’ आणि ‘एन’ दाबून हवा तेवढाच तुकडा निवडता येतो. एकाआड एक फ्रेम गाळण्याचीही सोय आहे, पण माझ्या मते ती शेवटची. ज्या वेळेची परीक्षा घ्यायची, तिच्यातलेच निम्मे क्षण ती खाते.

आफ्टर इफेक्ट्स जन्मलं अमेरिकेत, ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात. ‘कंपनी ऑफ सायन्स अँड आर्ट’ या छोट्या कंपनीने ते १९९३ साली मॅकसाठी बाजारात आणलं. त्याच वर्षी ते आल्डस कंपनीकडे आणि १९९४ मध्ये अडोबीकडे गेलं. तेव्हा रॅम मोजायची ती एमबीत. पुढे रॅम स्वस्त झाली, पण ३२ बिटच्या प्रोग्रामला चार जीबीपलीकडचं दिसतच नसे. मशीनमध्ये सोळा जीबी टाकून घेतले तरी बाकीची रिकामी पडून. २०१० च्या सीएस५ आवृत्तीने फक्त ६४ बिटचा रस्ता धरला आणि ही भिंत पडली. जुने प्लगइन मात्र त्यात चालेनात, त्यावरून लोकांनी बरीच बोटं मोडली.

२०१२ च्या सीएस६ पासून प्रोजेक्ट बंद केला तरी तयार फ्रेम डिस्कवर टिकू लागल्या. त्यांची पट्टी निळी. मात्र खऱ्या वेगाने चालवण्याआधी त्या रॅममध्ये आणाव्या लागत, त्यामुळे मर्यादा रॅमचीच राहिली. २०२५ मध्ये वेगवान एसएसडीवरून थेट प्रीव्ह्यू चालवण्याची सोय आली आणि बाराव्या सेकंदाला अडणारी पट्टी शेवटपर्यंत जाऊ लागली.

फ्रेम पहिल्यांदा घडवायचा वेळ मात्र डिस्क वाचवत नाही. क्लायंटने ‘बॅकग्राउंड जरा गडद करा’ म्हटलं, की सगळ्यात खालच्या लेयरला हात लागतो आणि हिरवी-निळी पट्टी एका क्षणात पुसली जाते. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की क्लायंटला पहिलंच आवडलं तर अनडू केल्यावर ती जशीच्या तशी परत येते.