डायनासोर तर अगदी परवाचे

उमरेडच्या प्राथमिक शाळेची सहल नागपूरला निघाली, की गांधीसागराजवळचं रमण विज्ञान केंद्र यादीत असतंच. अंतर पंचेचाळीसेक किलोमीटर. अर्धा डबा बसमध्येच संपतो. हे केंद्र १९९२ पासून सुरू आहे. ज्यांचं नाव त्याला दिलंय ते चंद्रशेखर वेंकट रमण नोबेल मिळण्याच्या कितीतरी आधी लेखा खात्यातले अधिकारी म्हणून काही काळ नागपुरात होते, हे मात्र पोरांना क्वचितच कोणी सांगतं.

अशा केंद्रांत वस्तूंना हात लावायचा असतो. म्हणून तर पोट्टे धावत सुटतात. हमखास गर्दी खेचणारी एक गंमत म्हणजे चढावर जाणारा शंकू. दोन शंकू बुडाला बूड लावून जोडलेले, आणि खाली एकमेकींपासून फाकत वर चढत गेलेल्या दोन पट्ट्या. खालच्या टोकाला ठेवून सोडला, की हा गडी आपण होऊन वरच्या टोकाकडे गडगडतो. ‘‘अबे, हे तर वर चाललं!’’

चाललेला असतो खालीच. पट्ट्या फाकत जातात तसा शंकूचा निमुळता भाग त्यांच्यावर टेकतो आणि मधला जाड भाग खचत जातो. पट्ट्या जेवढ्या चढतात त्याहून शंकू जास्त खचतो. वाकून बाजूने त्याचा मध्यबिंदू बघत राहिलं, तर तो उतरताना दिसतो. आपण पट्टी बघत होतो, म्हणून फसलो.

बाहेरच्या बागेत डायनासोर उभे आहेत आणि तिथेही आपण फसतो, या वेळी काळाच्या बाबतीत. डायनासोर म्हणजे जुन्यात जुनं, असं पोरांना वाटतं, मोठ्यांनाही वाटतं. वरोऱ्याजवळच्या डोंगरगावात ज्याची हाडं सापडली तो लांब मानेचा इसिसॉरस सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीचा. आणि उमरेड, मकरधोकड्याच्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खुल्या खाणींतला कोळसा? पंचवीस कोटी वर्षांहून जुना. तो साचला तेव्हा पृथ्वीवर एकही डायनासोर नव्हता. हिशेब करून बघा: इसिसॉरसपासून कोळसा जेवढा दूर, त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर आपण आहोत. बागेत चिवडा खाणारी तिसरीतली पोरगी डायनासोरला काळाने जास्त जवळची!

हा कोळसा कशाचा? तेव्हाच्या दलदलीतल्या झाडांचा, त्यांत मुख्य ग्लोसोप्टेरिस. त्याचं पान जिभेसारखं लांबट, मधोमध ठळक शीर, बाजूला शिरांची जाळी. नागपुरात ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांनी १८५०च्या दशकात याच भागातल्या दगडांतून वनस्पतींचे असे ठसे गोळा केले होते.

पुढची गोष्ट बर्फातली. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती उपासमारीने व थंडीने मेले. स्लेजवर सुमारे सोळा किलो दगड होते. मरणाच्या दारातही त्यांनी ते टाकले नव्हते. १९१४ मध्ये केंब्रिजच्या अल्बर्ट सिवर्ड यांनी त्यांतले ठसे ओळखले. ग्लोसोप्टेरिसच. भारत आणि अंटार्क्टिका तेव्हा एकाच भूखंडाचे भाग होते, आणि उमरेडच्या कोळशातलं झाड तिथेही वाढत होतं.