स्वस्तातला प्रणय, ठरीव पात्रे

डीव्हीडीच्या बाजारावर तगलेल्या अमेरिकी समलिंगी प्रेमपटांचा साचा २००० नंतर लवकरच ठरून गेला: व्यायामशाळेत घडवलेले, बहुतेक गोरे देह आणि विनोदापुरती तोंडाळ मैत्रीण. ‘ईटिंग आउट’मध्ये (२००४) मुलगी पटवण्यासाठी नायक समलिंगी असल्याचे सोंग घेतो, एवढ्या भांडवलावर पुढे चार भाग निघाले. ‘लॅटर डेज’मधला (२००३) मॉर्मन धर्मप्रचारक बहिष्कार, आत्महत्येचा प्रयत्न आणि समलैंगिकता घालवण्याचे ‘उपचार’ भोगूनच प्रेमापर्यंत पोचतो. सुखान्ताची ही किंमत जरा जास्तच. दोष पैशांच्या चणचणीला द्यावा, तर अँड्र्यू हेग यांचा ब्रिटिश ‘वीकेंड’ (२०११) आडवा येतो. तोही तुटपुंज्या खर्चातला. पण नॉटिंगहॅममधल्या फ्लॅटवर सकाळी त्यातला ग्लेन रेकॉर्डर पुढे धरून सोबत रात्र घालवलेल्या रसेलला त्या रात्रीबद्दल बोलते करतो, आणि त्याच्या अडखळण्यातून साचा नव्हे, माणूस दिसू लागतो.