तात्या विंचू अजून का भावतो?

महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' हा सिनेमा 1993 चा. तो लागला की आजही घरातली लहान पोरं उशीआड तोंड लपवतात आणि आजी-आजोबा हसू दाबत बघत राहतात. गुंड तात्या विंचूचा आत्मा मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरतो आणि तो बाहुला नेमका लक्ष्याच्या (लक्ष्मीकांत बेर्डे) घरी येतो, एवढीच गोष्ट.

माझ्या मते खरी जादू रामदास पाध्ये यांच्या हातांत आहे. बाहुला त्यांनीच घडवला, त्यांनीच चालवला. वडील यशवंत पाध्ये यांच्याकडून आलेली शब्दभ्रमाची कला त्यांनी मोठ्या पडद्यावर नेली. बाहुला समोर खरोखर होता, म्हणून लक्ष्मीकांत बेर्डे यांची भीतीही खरी वाटते. त्याला दिलीप प्रभावळकर यांच्या आवाजाची जोड. काय तो आवाज! हॉलिवूडच्या 'चाइल्ड्स प्ले'मधली (1988) कल्पना इथे अस्सल मराठी झाली. 2013 मध्ये दुसरा भाग थ्रीडीत आला, पण मला पहिलाच प्रिय.

बाहुल्यांचा विषय निघालाच आहे, तर आम्हा तेर गावच्या लोकांना त्यांचं वेड जरा जास्तच असावं. इथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या, साच्यातून काढलेल्या मातीच्या बाहुल्या आहेत. त्यांची केशरचना, दागिने जवळून बघा. हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर चुकवूच नका. इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी अभ्यासक तिची तुलना करतात. संत गोरोबाकाकांच्या दर्शनाला तेरला याल तेव्हा पोरांना तिकडेही घेऊन जा.